महूच्या पुढे, नर्मदेच्या काठापर्यंत

महूला आपली माणसे जातात ती बाबासाहेबांच्या जन्मभूमीला वंदन करायला. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री स्मारकाभोवती पाय ठेवायला जागा नसते. विदर्भातून, खानदेशातून, मराठवाड्यातून गाड्या भरभरून येतात. लोक मंडपात पथारी टाकतात, सकाळी संगमरवरी घुमटासमोर लेकराबाळांना उभे करून फोटो काढतात, भोजनदानाच्या पंगतीत जेवतात आणि परतीची वाट धरतात. महूच्या आसपास काय आहे ते बघायला कोणाला सवड नसते. दोष कोणाचाच नाही. कामावर खाडा करायचा तरी किती दिवसांचा?

आम्ही यंदा गर्दीचे दिवस टाळून फेब्रुवारीत गेलो आणि दोन दिवस जास्त थांबलो. आम्ही म्हणजे दोन घरची सात माणसे. त्यात अकोल्याच्या एका बंद पडलेल्या गिरणीत तेवीस वर्षे काढलेले आमचे मामा होते, बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या वहिनी होत्या आणि नववीत शिकणारी त्यांची मुलगी होती. बाकीच्यांचे नाव घेण्यासारखे काही नाही. ते खाणेपिणे आणि सामान सांभाळत होते, आणि त्यांच्यामुळेच प्रवास नीट झाला.

पूर्वी अकोल्याहून महूला छोटी लाईन होती. अकोट, हिवरखेड, धूळघाटचा तो वळसा, मग खंडवा, आणि पुढे विंध्याचा घाट चढून पाताळपाणी नि महू. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी त्याच गाडीने जन्मभूमी गाठली. रूळ रुंद करण्यासाठी ती लाईन टप्प्याटप्प्याने बंद झाली. आता खंडव्यापर्यंत मोठ्या गाडीने जायचे आणि पुढे बस धरायची. बस मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडते आणि सिमरोलचा घाट चढू लागते. घाटात गाडी पहिल्या गिअरवर कण्हत होती. मामा खिडकीतून खाली बघत म्हणाले, "इंदूरवाले नर्मदेचं पाणी पितात म्हणे. नदी तर खाली राहिली. पाणी हा घाट चढतं कसं?"

पुढचे दोन दिवस आम्ही याच प्रश्नामागे हिंडलो.

महूविषयी आपल्या वाचकांना नव्याने काय सांगावे? १८९१ साली बाबासाहेब इथे जन्मले, तेव्हा सुभेदार रामजी इथल्या लष्करी शाळेत शिकवीत होते. स्मारकाची पायाभरणी १४ एप्रिल १९९१ रोजी झाली आणि लोकार्पण १४ एप्रिल २००८ रोजी. २००३ पासून गावाचे सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, तरी कंडक्टर 'महू, महू' असेच ओरडतो. आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले आणि सावलीत बसलो. तेव्हा मुलीने विचारले, "बाबासाहेबांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, ती नेमकी कशावर?"

आमच्यापैकी बहुतेकांना 'रुपयाचा प्रश्न' एवढेच माहीत होते. पण कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीसाठी त्यांनी लिहिलेला आणि १९२५ साली छापलेला प्रबंध वेगळा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेची वाढ कशी झाली, हा त्याचा विषय. १८३३ पासून १९२१ पर्यंत वरच्या सरकारने खालच्या सरकारांना कामे किती दिली, पैसा किती दिला आणि जबाबदारी कोणावर टाकली, याचा तो हिशेब आहे. प्रस्तावना त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची आहे. विषय रुक्ष वाटतो. पण आपल्या गल्लीतला नळ कोरडा का, याचे उत्तर बहुधा अशाच रुक्ष हिशेबात दडलेले असते. महाडचे चवदार तळेही पालिकेचेच होते. ते सर्वांना खुले असल्याचा ठराव पालिकेने १९२४ साली केला होता, आणि पाणी मात्र १९२७ साली सत्याग्रह करून घ्यावे लागले.

महूची आणखी एक गंमत आहे. हे गाव विंध्याच्या माथ्यावर वसले आहे. जवळच जानापावचा डोंगर आहे, तिथे चंबळ उगम पावते. इथे उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस चंबळ, गंभीर अशा नद्यांतून यमुनेकडे जातो आणि दक्षिणेच्या उतारावरचा चोरल नदीतून नर्मदेला मिळतो. इंदूर उत्तरेच्या उतारावर आहे. म्हणजे इंदूरच्या पावसाचे पाणी नर्मदेकडे जातच नाही. तरीही हे शहर जगते ते नर्मदेवर.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीप ठरवून मंडलेश्वरकडे निघालो. वाटेत अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ सालचा जाम दरवाजा लागतो. तिथून खाली निमाडचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो. दरवाजापाशी स्वेटर घातलेले आम्ही तासाभरात घामाघूम झालो. मंडलेश्वरजवळ जलूद नावाचे गाव आहे. इथे नर्मदेचे पाणी उपसून, शुद्ध करून, प्रचंड नळांतून घाटावर चढवले जाते आणि सुमारे ७० किलोमीटरवरच्या इंदूरला पोचवले जाते. नदी आणि शहर यांच्या उंचीत चारशे मीटरचा फरक आहे. रात्रंदिवस पंप चालतात. १९७० साली इंदूरच्या लोकांनी मोठे आंदोलन करून हे पाणी मागून घेतले आणि त्या दशकाच्या अखेरीस ते शहरात आले. तोवर शहराची तहान मुख्यतः गंभीर नदीवर १९३९ साली बांधलेल्या यशवंत सागरावर आणि विहिरी-तळ्यांवर भागत होती.

पाणी मिळाले, पण विजेचे बिल मागे लागले. एवढे पाणी एवढ्या उंचीवर चढवायचे तर दर महिन्याला कोट्यवधी रुपये लागतात. कोळशाची वीज महाग होत चालली, ऊन वाढले, पावसाचा भरवसा उरला नाही, तरी पंप थांबवून चालत नाही. म्हणून इंदूर महापालिकेने ठरवले की जलूदजवळ, खरगोन जिल्ह्यातल्या आशुखेडीच्या परिसरात ६० मेगावॉटचा सौर वीजप्रकल्प उभारायचा आणि त्यातून पंपांच्या विजेचा भार हलका करायचा. खर्च सुमारे ३०८ कोटी. आणि त्यातला मोठा वाटा लोकांकडून कर्ज घेऊन उभा करायचा.

नदीकाठी शिदोरी सोडून बसलो असता आम्ही हा सगळा व्यवहार वहिनींपुढे मांडला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी महापालिकेचे कर्जरोखे विक्रीला निघाले. पर्यावरणाच्या कामासाठीचे, म्हणून त्यांना हरित रोखे म्हणतात. एक रोखा हजार रुपयांचा, कमीत कमी दहा घ्यायचे. व्याज सालीना सव्वाआठ टक्के, सहा-सहा महिन्यांनी. मुद्दल एकदम परत नाही. चौथा हिस्सा तीन वर्षांनी, मग पाच, सात आणि नऊ वर्षांनी. मागितले १२२ कोटी, जास्त आले तर दुप्पट घेण्याची मुभा ठेवली होती. अर्ज आले सुमारे ७२० कोटींचे. महापालिकेने २४४ कोटी ठेवून घेतले. भारतात अशा प्रकारे सर्वसामान्य माणसांनाही विकलेला महापालिकेचा हा पहिला हरित रोखा.

वहिनींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "२४४ कोटींवर सव्वाआठ टक्के म्हणजे वर्षाला वीस कोटींच्या वर व्याज. वाचणार किती?"

"महिन्याला चार कोटी वाचतील असं सांगतात. वर्षाचे ४८."

"मग कागदावर तरी बसतंय. आणि प्रकल्प लांबला, वीज कमी झाली, तर हप्ता कोण भरणार? व्याज तर पहिल्या दिवसापासून चालू."

प्रश्न अगदी नेमका होता. अशा रोख्यांत घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली आधी एका राखीव खात्यात जमा होते, त्यातून रोखेधारकांचा हप्ता बाजूला काढला जातो आणि मगच उरलेला पैसा पालिकेच्या हाती पडतो. म्हणजे सावकाराचे आधी, घरखर्च नंतर. म्हणूनच मुंबई-दिल्लीचे पैसेवाले निर्धास्तपणे अर्ज करतात. वहिनी म्हणाल्या, "तर मग हमी पंतप्रधानांची नाही न् महापौरांचीही नाही. पट्टी भरणाऱ्या बाईची आहे." आम्हाला यात काही दुरुस्ती सुचली नाही.

पालिकांनी रोखे काढणे तसे नवे नाही. अहमदाबादने १९९८ साली राज्य सरकारच्या हमीशिवाय शंभर कोटी उभे केले होते. २०१५ साली सेबीने यासाठी नियम केले, त्यानंतर २०१७ साली पुण्याने पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटी घेतले. गाझियाबादने २०२१ साली १५० कोटींचा हरित रोखा काढला, तो सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना विकण्यासाठी. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडने २०२५ साली २०० कोटींचा काढला. केंद्र सरकारही पहिल्यांदा रोखे काढणाऱ्या पालिकांना शंभर कोटींमागे तेरा कोटींचे बक्षीस देते. हेतू चांगला आहे. हात पसरून अनुदानाची वाट बघण्यापेक्षा आपल्या ऐपतीवर काम उभे करावे, हिशेब चोख ठेवावा, असा त्यामागचा विचार आहे. ज्या पालिकेचे लेखे वर्षानुवर्षे तपासलेले नसतात तिला कोणी दारात उभे करत नाही, त्यामुळे रोखे काढायचे म्हटले की आधी दप्तर नीट लावावे लागते. एवढा एक फायदा झाला तरी पुष्कळ.

परंतु अकोट, महूगाव अशा लहान पालिकांनी काय करायचे? त्यांना एकट्याने शंभर कोटी कोण देणार? याचे एक उत्तर तामिळनाडूने २००२ साली दिले. तिथल्या तेरा लहान नगरपालिकांनी एकत्र येऊन, एका सामाईक निधीमार्फत, पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठी सुमारे ३० कोटी रुपये उभे केले. एकीचा हप्ता चुकला तर आधार असावा म्हणून राखीव रक्कम ठेवली. पुढे कर्नाटकातही बंगळूरभोवतीच्या आठ पालिकांनी असेच केले. हे ऐकताच वहिनी खुलल्या. "हा तर आमचा बचत गट!" त्या म्हणाल्या. "एकटीला बँक उभं करत नाही, दहा जणी गेल्या की साहेब खुर्ची देतो." इतकी वर्षे झाली, तरी ही वाट फारशा राज्यांनी धरली नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

आशुखेडीपर्यंत जायला वेळ नव्हता. सूर्य कलल्यावर आम्ही घाट चढून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुरात उतरलो.

इंदुरात मामांना एकच ठिकाण बघायचे होते, हुकुमचंद मिल. त्यांच्या गिरणीतले काही सोबती पूर्वी तिथे काम करून आलेले होते. आता तिथे बघण्यासारखे काही नाही. भिंत आहे, आणि भिंतीवरून डोकावणारी, माणसांचा वावर थांबल्यावर आपोआप वाढलेली झाडे आहेत. ही गिरणी १९९२ साली बंद पडली. ४,८०० कामगारांची देणी थकली. कोर्टकचेऱ्या झाल्या, गिरणीच्या जमिनीवरून वाद झाले, कित्येकजण वाट बघत गेले आणि पैसे वारसांच्या नशिबी आले. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटींचा धनादेश देण्यात आला. आणि योगायोग असा की त्याच दिवशी, त्याच समारंभात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने आशुखेडीच्या सौर प्रकल्पाची पायाभरणी झाली.

मामा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "२२४ आणि २४४. रक्कम सारखीच की. रोखे विकायला तीन-चार दिवस लागले, कामगाराचे द्यायला एकतीस वर्षं."

या दोन्ही रकमांचा एकमेकींशी संबंध नाही, हे आम्हालाही कळते. एक कर्ज आहे, दुसरी थकलेली देणी. पण शहराला पैसा उभा करता येतो, झटपट उभा करता येतो, हे तर खरेच ना? कोणत्या कामासाठी उभा होतो, एवढेच विचारायचे.

तिथून आम्ही सिरपूरच्या तळ्यावर गेलो. शहराच्या पश्चिमेला, धार रस्त्यावर, होळकरांच्या काळातले हे तळे आहे. क्षेत्र सुमारे १६१ हेक्टर. थंडी अजून पुरती गेली नव्हती, त्यामुळे दूरदेशीची बदके पाण्यावर होती. मुलीने वहीत सतरा जातींचे पक्षी मोजले, त्यातल्या पाचांची नावे कळली. पद्मश्री मिळालेले इंदूरचे चित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी अनेक वर्षे हे तळे राखले. घाण, अतिक्रमण, शिकार यांविरुद्ध झगडत राहिले. २०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही जागांना पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले आणि २०२५च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही भारतातली पहिली दोन 'पाणथळ शहरे' म्हणून मान्य झाली.

तळे काय काम करते? पक्षी ही वरची शोभा. मुसळधार पाऊस पडतो तेव्हा तळे ते पाणी पोटात घेते, म्हणून खालच्या वस्त्यांत ते शिरत नाही. मग सावकाश जमिनीत सोडते, म्हणून उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी आणि बोअरला पाणी राहते. काठची लव्हाळी गाळ धरून ठेवते. पंप नाही, वीज नाही. आणि इथेच पैशाची अडचण सुरू होते. सौर प्रकल्पाने बिल किती वाचले, हे मीटरवर दिसते; त्या वाचलेल्या रुपयातून व्याज देता येते. तळ्याने किती घरांत पाणी शिरू दिले नाही, याचा मीटर कुठे आहे? ज्याच्या घरात पाणी शिरले नाही तो माणूस पालिकेला त्याचे पैसे थोडेच नेऊन देतो? त्यामुळे परत फेडता येईल अशा कामाला बाजारात पैसा मिळतो, आणि तळे, नाला, ओढ्याकाठची झाडे यांच्या वाट्याला वर्षअखेरीस उरलेसुरले येते. ज्या कामातून परतावा मिळत नाही ते पालिकेने दरवर्षी अंदाजपत्रकात ठराविक वाटा राखूनच केले पाहिजे, आणि राज्याने त्यासाठी बांधील अनुदान दिले पाहिजे, असे आमचे मत आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पालिकांना अठरा विषयांची यादी मिळाली. त्यात पाणीपुरवठा आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, पर्यावरणाचे रक्षणही आहे. यादीबरोबर तेवढा पैसा मात्र मिळालेला नाही. तो राज्याच्या मर्जीवर राहिला. महूच्या सावलीत निघालेला प्रबंधाचा विषय हाच होता की.

जुन्या पाण्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हेही इंदूरने पाहिले आहे. रोखे विकले गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात, ३० मार्च २०२३ रोजी, पटेल नगरातल्या एका मंदिरात हवनासाठी जमलेल्या माणसांच्या पायाखालची फरशी कोसळली. खाली जुनी बावडी होती, पायऱ्यांची विहीर. तिच्यावर छत घालून ती झाकून टाकली होती. ३६ माणसे गेली.

आणि भागीरथपुरा. २०२५च्या डिसेंबरअखेर कष्टकऱ्यांच्या या वस्तीत नळाच्या पाण्यातून रोग पसरला. शेकडो आजारी पडले, कित्येक दगावले, त्यात लहान लेकरूही होते. मुख्य नळाला गळती होती आणि तिथे शौचालयाची घाण पिण्याच्या पाण्यात उतरत होती. ज्या शहराचे नाव २०१७ पासून वर्षामागून वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून घेतले जाते, ज्याला २०२१ साली सांडपाण्याच्या उत्तम व्यवस्थेचा देशातला पहिला किताब मिळाला, तिथली ही गोष्ट आहे. आम्ही भागीरथपुऱ्यात गेलो नाही. दुःख झालेल्या दारात पाहुण्यासारखे जाऊन उभे राहू नये. आमचा रिक्षावाला त्याच बाजूचा होता. तो एवढेच म्हणाला, "नर्मदाजी का पानी है साहब, पर अब उबाल के ही पीते हैं."

सत्तर किलोमीटर लांबून, डोंगर चढवून, कर्ज काढून आणलेले पाणी शेवटच्या शंभर हातांत नासले. मोठ्या नळासाठी रोखा निघतो. गल्लीतल्या गंजलेल्या नळाचा मीटर नसतो, त्याचा समारंभ नसतो, त्याच्या बदलीची फाईल टेबलावर पडून राहते. इंदूरला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तिथले रस्ते खरोखर स्वच्छ आहेत, कचरा वेगळा करण्याची शिस्त आम्ही डोळ्यांनी पाहिली. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा दिवसाला ५५० टनांचा कारखाना २०२२ साली सुरू झाला. ज्या शहराला इतके जमते त्याला गल्लीतला नळ जमायला हवा होता, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही सफाई कोणाच्या हातांनी होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. इंदूरच्या इतिहासात याची एक जुनी आठवण आहे. १९१७ साली प्लेगची दहशत असताना पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराने बोलावला होता. त्याने दिवाळीत शहराची भव्य मिरवणूक काढली. जिथे घरे-गल्ल्या स्वच्छ केल्या जातील त्या मार्गाने मिरवणूक जाईल, अशी त्याची अट होती. तीत सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे आणि नवे फेटे घालून चालले, त्यांच्या गाड्या रंगवल्या होत्या, झाडूंना हार घातले होते. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. गेडिसचे मत होते की महागड्या गटारयोजनांच्या आधी असलेली तळी, विहिरी, नदीकाठ राखावेत. ते स्वस्त पडते आणि टिकते. १९१८ साली त्याने इंदूरचा दोन खंडांचा अहवाल दिला. मामांना मिरवणुकीची गोष्ट आवडली. "हार घातला ते बरं केलं," ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी पगार वाढला का, ते कुठं लिहिलंय का?" ते आम्हाला सापडले नाही.

संध्याकाळी सरवटे बसस्थानकावर परतीच्या बसची वाट बघताना वहिनींनी वहीच्या मागच्या पानावर काही लिहून घेतले. आपल्या पालिकेचे अंदाजपत्रक कुठे मिळते, त्यात जुने नळ बदलण्याला किती आणि गावतळ्याला किती रक्कम आहे, गेल्या वर्षी त्यातली खर्च किती झाली. गटाच्या पुढच्या बैठकीत नगरसेविकाबाईंना बोलवायचे त्यांनी तिथेच ठरवले.

महूला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. स्मारकापासून मंडलेश्वरला जाम दरवाजावरून रस्ता आहे. सात-आठ माणसे असतील तर जीप परवडते, पहाटे निघावे म्हणजे उजेडी परत येता येते. सिरपूरला जायचे तर थंडीत आणि सकाळी लवकर, दहानंतर पक्षी लांब जातात. पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून घ्याव्यात.